काइंड ऑफ ब्लू ची पहिली बाजू चढी का वाजते? टर्नटेबल बिघडलाय की माझे कान?

पेटीवाला_पुणे
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

तर झालं असं की माझा मामा मर्चंट नेव्हीत होता, आता घर आवरायला काढलंय म्हणून त्याने सगळ्या रेकॉर्डी माझ्या गळ्यात मारल्या, चाळीसेक असतील. त्यात माइल्स डेव्हिसची काइंड ऑफ ब्लू निघाली. जॅझमधलं मला फार कळत नाही, मी पेटी वाजवतो, पंधरा वर्षं भजनाला न् क्लासला साथ करतोय, त्यामुळे सवय अशी लागलीय की काहीही कानावर पडलं की हात आपोआप पेटीवर जातो. 'सो व्हॉट' लावलं. सुरुवातीला बास बोलतो आणि बाकीचे त्याला दोन सुरांत उत्तर देतात ना, तिथे पट्टी शोधायला गेलो. पांढरी दोन (पेटीवरची दुसरी पांढरी पट्टी, इंग्रजीत डी) धरली तर रेकॉर्ड चढी, काळी दोन धरली तर रेकॉर्ड उतरलेली. मधेच कुठेतरी लटकतंय. शेवटी भाता बंद करून नुसता ऐकत बसलो.

पेटी दिवाळीच्या आधीच ट्यून करून आणलीय, मोबाईलवरच्या ट्यूनरला लावून बघितली, व्यवस्थित आहे. मग टर्नटेबलच जोरात फिरतोय असं धरलं, नेटवरून स्ट्रोबची चकती (वेग तपासायची, कडेने रेघा असलेली) प्रिंट करून ट्यूबलाइटखाली ठेवली तर रेघा पुढे पळतायत. पिचचा खटका पार खाली नेला, तरी रेघा पुढेच, आणि माइल्स मात्र रडायला लागला. बेल्ट बदलू का मोटर? जाणकारांनी सांगा प्लीज.

मिंट_मायनस
काहीही बदलू नका. आधी चकतीवरच्या रेघा मोजा.

पेटीवाला_पुणे
मोजल्या. दोनदा मोजल्या कारण मधे बेल वाजली. २१६ आहेत.

मिंट_मायनस
वाटलंच. ती अमेरिकन चकती आहे, तिकडे वीज ६० हर्ट्झ. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, त्या हिशोबाने एलपीच्या वेगाला, म्हणजे मिनिटाला ३३ ⅓ फेऱ्यांना, १८० रेघा लागतात. २१६ वाल्या रेघा आपल्या ट्यूबखाली स्थिर दिसायच्या असतील तर तबकडी २८ च्याही खाली फिरायला हवी, मग माइल्स रडणार नाही तर काय करणार. ५० हर्ट्झची चकती प्रिंट करा. आणि हे जुन्या जाड चोकच्या ट्यूबखालीच करा, इलेक्ट्रॉनिक चोक किंवा एलईडीखाली काही दिसणार नाही. तशी ट्यूब नसेल तर स्विचबोर्डवरचा तो लाल निऑनचा इंडिकेटर असतो ना तो चालतो, खोलीत अंधार करून बोर्डाजवळ तबकडी न्यायची.

हे मी फुकट सांगतोय पण मी स्वतः ह्याच चुकीपायी चांगल्या चालत्या टर्नटेबलची मोटर उघडून बसलो होतो. परत बंद करताना दोन स्क्रू उरले.

चोरबाजारी
दोन स्क्रू उरले तर वजन कमी झालं, वेग वाढला असेल =))

पेटीवाला_पुणे
१८० ची चकती लावली, रेघा एकदम ठप्प उभ्या. टर्नटेबल बरोबर आहे. तरी पण रेकॉर्ड चढीच! फार नाही हो, अर्धा सूर तर नक्कीच नाही, श्रुतीभर म्हणा. पण पेटीबरोबर वाजवायला गेलं की दात आंबतात.

पार्ल्याचा_ट्रेन
पेटीवालेसाहेब एक करा, रेकॉर्ड उलटा. दुसऱ्या बाजूला पहिलं 'ऑल ब्लूज' आहे, ते पांढरी पाचला धरून बघा आणि इथे सांगा. मला उत्तर माहितीये पण तुमच्याकडून ऐकायचंय.

पेटीवाला_पुणे
अहो हे काय आहे!! ऑल ब्लूज पांढरी पाचला चपखल बसतंय. तीच रेकॉर्ड, तीच सुई, मधे चहासुद्धा प्यायलो नाही. परत पहिली बाजू लावली, परत चढी. सो व्हॉट, फ्रेडी फ्रीलोडर, ब्लू इन ग्रीन तिन्ही.

हडसनकाठी
अभिनंदन, तुमचे कान शाबूत आहेत. कोलंबिया कंपनीची चूक तुम्ही भजनाच्या पेटीवर पकडलीत.

सविस्तर सांगतो. ही रेकॉर्ड दोन दिवसांत झाली, २ मार्च १९५९ आणि २२ एप्रिल १९५९. मॅनहॅटनमध्ये तिसाव्या रस्त्यावर कोलंबियाचा स्टुडिओ होता, मूळचं चर्च, छत हे उंच, आता ती इमारत नाही. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मार्चमधली, दुसऱ्या बाजूची दोन एप्रिलमधली. मार्चच्या दिवशी ज्या टेप मशीनवर मास्टर घेतला ते किंचित सावकाश चालत होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही. आता सावकाश रेकॉर्ड केलेली टेप बरोबर वेगाच्या मशीनवर लावली की ती थोडी घाईत वाजणार आणि चढणार. एप्रिलपर्यंत मशीन ठीक झालं असावं किंवा दुसरं वापरलं असेल, त्यामुळे ऑल ब्लूज आणि फ्लेमेंको स्केचेस सुरात.

गंमत म्हणजे त्या दिवशी शेजारी दुसरं मशीनही चालू होतं, राखीव कॉपीसाठी. ते बरोबर वेगात होतं. ती राखीव टेप वापरून १९९२ साली ही चूक दुरुस्त केली. म्हणजे तोवर जगात जेवढ्या कॉप्या विकल्या गेल्या त्यांची पहिली बाजू चढी. तुमची अर्थातच त्याआधीची असणार. लेबल कसलं आहे?

पेटीवाला_पुणे
_/\_ दंडवत घ्या.
लेबल लाल आहे, कडेने सोनेरी-पिवळ्या अक्षरात कोलंबिया कोलंबिया असं गोल लिहिलंय. नंबर पीसी ८१६३.

मिंट_मायनस
सत्तरीनंतरचं अमेरिकन रीइश्यू. १९५९ च्या पहिल्या कॉप्यांना सहा डोळ्यांचं लेबल, म्हणजे डावीकडे तीन उजवीकडे तीन अशी डोळ्यासारखी चिन्हं. स्टिरिओचा नंबर सीएस ८१६३, मोनोचा सीएल १३५५. मग ६२ च्या सुमाराला दोन डोळ्यांचं आलं, आणि १९७० पासून तुमचं लाल. सहा डोळ्यांच्या अगदी सुरुवातीच्या कॉप्यांत आणखी एक गोंधळ आहे, दुसऱ्या बाजूच्या दोन गाण्यांची नावं उलटी छापलीयत. लोक ऑल ब्लूज ऐकून फ्लेमेंको फ्लेमेंको करत होते. कव्हरवर ह्यात सॅक्स वाजवणाऱ्या कॅननबॉल अ‍ॅडर्लीचं आडनावही चुकवलंय, अ‍ॅडर्लीतला एक ई खाल्लाय. म्हणजे जगातली सगळ्यात गाजलेली जॅझ रेकॉर्ड आणि कव्हर, लेबल, टेप तिन्हीकडे घोळ.

पेटीवाला_पुणे
म्हणजे माझीला काही किंमत नाही?

चोरबाजारी
किंमत आहे हो, वाजतेय ना. सहा डोळ्यांची चांगली कॉपी शेकडो डॉलरला जाते आणि ती घेणारा माणूस ती लावत नाही, प्लास्टिकमध्ये घालून ठेवतो. मी असे लोक बघितलेत. एकाकडे गेलो होतो, घरात ब्लू नोट ह्या जॅझ कंपनीच्या ओरिजिनल कॉप्या, डेड वॅक्समध्ये (लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात) आरव्हीजी कोरलेलं, शेजारी कानासारखी खूण, मला बॅटरी लावून दाखवल्या. म्हटलं लावा की एखादी. तर म्हणे नको, सुईने झिजते. आणि मला यूट्यूबवर ऐकवलं!! फोनवर!!

काळी_दोन
ही कानासारखी खूण काय भानगड आहे?

हडसनकाठी
ब्लू नोटच्या रेकॉर्डी प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्यात छापायचे, त्यांची खूण म्हणजे इंग्रजी पी वळणदार हातात काढलेला, तो कानासारखा दिसतो. साठच्या दशकाच्या मध्याला ब्लू नोट लिबर्टी कंपनीला विकली गेली त्यानंतर तो कान गेला. म्हणून कान असला की लिबर्टीच्या आधीची छपाई.

आणि आरव्हीजी म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर. हा माणूस दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर द्यायचा, आणि संध्याकाळी आईवडलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा, हॅकेनसॅकला, न्यू जर्सीत. दिवाणखान्याला लागून असलेल्या छोट्या खोलीत मशीन. १९५९ ला त्याने शेजारच्याच एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला, आत लाकडी छत, देवळाच्या सभामंडपासारखं वर चढत गेलेलं. सॅक्सवाल्या जॉन कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' ९ डिसेंबर १९६४ ला तिथे एका बैठकीत झालं. मी तिथून वीस मिनिटांवर राहतो, पाव्हणे आले की त्यांना नायगारा हवा असतो, मी आधी ह्या रस्त्याने गाडी नेतो, झाडीतून ते छप्पर दाखवतो. आजवर एकानेही गाडी थांबव म्हटलेलं नाही.

काळी_दोन
=)) =))

मूळ विषयावर येतो. पेटीवाले, तुम्ही पेटी वाजवता तर तुम्हाला हे आवडेल. सो व्हॉट पांढरी दोनपासूनचा डोरियन आहे आणि डोरियन म्हणजे आपला काफी थाट, गंधार निषाद कोमल बाकी शुद्ध. सोळा बार (बार म्हणजे चार मात्रांचा खंड) पांढरी दोन, मग आठ बार सगळं उचलून काळी दोनवर, मग आठ बार परत खाली. बस्स, एवढंच. दर बारमध्ये चार कॉर्ड बदलायचे हा जो बीबॉपचा (त्याआधीच्या वेगवान जॅझचा) धंदा होता तो माइल्सने बंद केला, एका थाटात बसा आणि विस्तार करा म्हणाला. कव्हरच्या मागे ह्यात पियानो वाजवणाऱ्या बिल एव्हान्सने लिहिलंयच की माइल्सने सेशनच्या काही तास आधी नुसते आराखडे तयार केले होते, म्हणजे वादकांनी ते आधी वाजवलेलेच नव्हते.

पार्ल्याचा_ट्रेन
काफी थाट म्हणजे काफी नव्हे हां. आपल्याकडे राग म्हणजे नुसते सात सूर नसतात, चलन असतं, वादी संवादी असतो, वर्ज्य असतं. माइल्सने घेतला तो नुसता सांगाडा. जॅझवाले आणि आपण एकच असं जे दर वेळी चालतं त्याने माझं डोकं फिरतं.

काळी_दोन
मी राग म्हटलंच नाही, थाट म्हटलं. वाचा की नीट.

पार्ल्याचा_ट्रेन
बरं बरं. थाट मान्य.

पण कोल्ट्रेनला मात्र सांगाड्याच्या पलीकडचं दिसलं होतं. ह्याच रेकॉर्डवर आहे तो, आणि दोन वर्षांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात त्याने 'इंडिया' वाजवलं, खाली दोन बास, एकाच सुराला धरून बसलेलं. माझ्या नावात ट्रेन आहे ते कोल्ट्रेनमुळे, लोकलमुळे नाही बरं का, बऱ्याच जणांना वाटतं. मुलाचं नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवलं, तो रवी कोल्ट्रेनही सॅक्सच वाजवतो.

रंगभवन_१९७८
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड मुलीकडून रीसेट करून घेतला.

तुम्ही सगळे रेकॉर्डीवर बोलताय, आम्ही प्रत्यक्ष ऐकलंय थोडंफार. १९७८ ला निरंजन झवेरींनी मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरवली, धोबीतलावला रंगभवनमध्ये, उघड्यावर. मी कॉलेजात होतो, मित्राच्या भावाने पास दिला म्हणून गेलो, जॅझ म्हणजे काय ते माहीत नव्हतं, कँटीन चांगलं असेल एवढीच आशा. त्या वर्षी सॉनी रोलिन्स आला होता. त्याने टेनर सॅक्स तोंडाला लावला आणि मला आठवतंय माझ्या हातातला वडा तसाच राहिला, गार झाला. नंतर कळलं की बुवा मुंबईला नवा नव्हता, साठच्या दशकाच्या शेवटी तो पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, योग शिकायला. पवईत! तेव्हा तिथे तळं आणि झाडी, बाकी काही नाही. त्याच्याही आधी १९५९ ते ६१ तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटा रियाज करायचा, मैफिली बंद करून. म्हणजे तुमची ही काइंड ऑफ ब्लू बाजारात आली त्या वर्षी हा पुलावर.

रंगभवन नंतर आवाजाच्या नियमांत बंद पडलं, आजूबाजूला हॉस्पिटलं. अजून तिथून जाताना मान वळतेच.

काळी_दोन
काका लिहीत राहा!! ह्यावर वेगळा धागा काढा.

हळदोणेकर
धोबीतलावाचा विषय निघाला म्हणून मी पण घुसतो. जॅझ यात्रेच्या चाळीस वर्षं आधीपासून मुंबईत जॅझ होतं आणि ते वाजवणारे निम्मे तरी आमचे गोंयकार. धोबीतलावला जेर महालात गावागावांच्या कुडी होत्या, म्हणजे गावच्या माणसांनी राहायची सामायिक जागा, गावाहून आलेला पोर ट्रम्पेट नाहीतर फिडल घेऊन तिथे उतरायचा, एक पेटी ठेवायची जागा मिळायची (पेटी म्हणजे ट्रंक, पेटीवाले गैरसमज नको). गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणापासून नोटेशन वाचायला शिकवायचे, ते शिक्षण असं कामाला आलं. ताजमध्ये लिऑन अ‍ॅबेचा अमेरिकन बँड १९३५ ला आला, मग टेडी वेदरफर्ड आला, आणि त्यांचं ऐकून ऐकून आमची पोरं तयार झाली.

आमच्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. जन्म १९१६ चा. लुई आर्मस्ट्राँगसारखा वाजवायचा, रुमाल बिमाल सगळं तसंच. सी. रामचंद्रांबरोबर अलबेलाला होता, १९५१, तो ब्रासचा जो काय धुडगूस आहे त्यात. तुम्ही मराठी लोक अण्णांचं कौतुक करता ते बरोबरच आहे, पण पुणतांब्याच्या माणसाला ते स्विंग कुठून मिळालं ते बघा मरे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, ह्यांनी अरेंजमेंट लिहिल्या म्हणून हिंदी सिनेमा तसा वाजला. पडद्यावर नाव यायचं तर एवढंस्सं, बरेचदा ते पण नाही.

चोरबाजारी
चिक चॉकलेटचं नाव काढलंत, जखमेवर मीठ.

चोर बाजारात मटन स्ट्रीटला एका गाळ्यात शुक्रवारी बसलो होतो, खोक्यात सगळं भजन न् पोवाडे न् फुटक्या ७८ (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी) आणि तळाशी चिक अँड हिज म्युझिक मेकर्स. कोलंबियाची ७८, तबला-हार्मोनियमच्या ढिगात. हात थरथरत होता पण चेहरा कोरा ठेवला, असं दाखवलं की मला शेजारचा स्टोव्ह हवाय. स्टोव्ह पण घ्यावा लागला त्या नादात. घरी आणली, वर पावसाळ्याची बुरशी, राखाडी ठिपके. एलपी मी आयसोप्रोपिल आणि डिस्टिल्ड वॉटरने पुसतो, तेच मिश्रण कापसावर घेतलं आणि पुसली. काळा कापूस आला, म्हटलं व्वा काय मळ निघतोय. अजून पुसली. अजून काळा. तो मळ नव्हता हो. रेकॉर्ड होती.

७८ शेलॅकची. शेलॅक म्हणजे लाख, झाडावरच्या किड्याची, बांगड्या करतात तीच. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे सुतारकाम करणाऱ्या कुठल्याही माणसाने सांगितलं असतं, पॉलिश त्याचंच करतात. एका बाजूला दोन इंचाचा पट्टा मॅट झालाय, तिथे आता तव्यावर काहीतरी परतल्यासारखा आवाज येतो. दुसरी बाजू वाचली. नवीन लोकांनो, ७८ ला फक्त डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर भांड्याचं लिक्विड, लगेच पुसायची, लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. स्पिरिट नाही, अल्कोहोल नाही, परफ्यूम लावून हात पण लावू नका.

हळदोणेकर
देवा रे. मला आता जेवण जाणार नाही.

मिंट_मायनस
आणि ७८ एलपीच्या सुईने वाजवू नका. खाचा तिप्पट रुंद असतात, एलपीची सुई तळाशी जाऊन लोळते, सगळा खरखराट उचलते. त्यासाठी ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई मिळते.

वेगाचा घोळ तर जुन्या ७८ ना पाचवीला पुजलेला. सुरुवातीच्या काळात सगळे ७८ लाच कापायचे असं नव्हतं, कुठली ७५ कुठली ८०. त्यामुळे जुने गवई नक्की कुठल्या पट्टीत गात होते ह्यावर रेकॉर्ड लावून छातीठोक बोलणारा माणूस भेटला की मी विषय बदलतो.

पेटीवाला_पुणे
हे भारी आहे. आमचे सर नेहमी म्हणतात जुन्या काळी पट्ट्या उंच होत्या, रेकॉर्ड ऐका म्हणून. आता सरांना कोण सांगणार.

पण मला एक खरंच विचारायचंय. १९५९ ते १९९२ म्हणजे तेहेतीस वर्षं लोकांनी चढी बाजूच ऐकली. कित्येकांनी रेकॉर्डवर गिटार मिळवून तेच शिकलं असेल. मग खरी कुठली, माझी का दुरुस्त केलेली?

हडसनकाठी
दुरुस्त केलेली. खोलीत जे वाजलं ते ते. पियानो काही चढत नाही.

पार्ल्याचा_ट्रेन
मला नाही पटत. मी पहिल्यांदा ऐकली ती चढीच होती, मित्राची कॅसेट, तिचा वेग आणखी कसला तरी. दुरुस्त केलेली ऐकली तेव्हा वाटलं सगळ्यांनी जेवण करून वाजवलंय. माझ्या डोक्यात ती घाईच बसलीय, त्यात पॉल चेंबर्सचा बास जरा पुढे वाकून चालतो. चूक आहे हे मान्य, पण मला तीच लागते.

काळी_दोन
तुम्ही थाटाला राग म्हणू देत नाही आणि श्रुतीभर चढलेल्याला मात्र चालेल म्हणता, कमाल आहे.

पार्ल्याचा_ट्रेन
:D पकडलंत.

चोरबाजारी
दोन्ही ठेवा ना. मी दोन्ही ठेवल्यात. तीन ठेवल्यात खरं तर, घरी दोनच सांगितल्यात.

अवांतर: पेटीवाले, मामाच्या चाळीसमध्ये शंकर जयकिशनची 'रागा जॅझ स्टाइल' आहे का बघा. १९६८ ची, अकरा राग, रईस खानांची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्स. असली तर आधी मला सांगा, इथे लिहू नका.

मिंट_मायनस
इथे लिहा, चोरबाजारींना स्टोव्ह विकायला शिकू दे.

पेटीवाला_पुणे
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रागा जॅझ नाहीये, सॉरी. जिम रीव्ह्ज तेरा आहेत, हवे असतील तर सांगा.

अपडेट देतो. काल मोबाईलवरच्या तानपुऱ्याची पट्टी बारीक सरकवता येते ती हळूहळू वर नेली, पांढरी दोन सोडून थोडी पुढे, आणि सो व्हॉट एकदम लागलं. तो सूर लावून ठेवला आणि नऊ मिनिटं काही न वाजवता ऐकलं. काळी दोनला जातात तेव्हा खालचा तानपुरा असा काही बोचतो ना, आणि परत आले की हुश्श होतं, ते आठ बार मला पहिल्यांदा कळले.

मग मामाला फोन केला, सगळं सांगितलं, टेप मशीन न् राखीव कॉपी न् १९९२. मामा म्हणाला ती बाल्टिमोरला घेतलेली, बोटीवर केबिनमध्ये लावायचो, बोट हलली की सुई उडायची, तुम्ही श्रुतीचं काय बोलता. म्हटलं मामा तुझ्या डोक्यात कसं आहे ते गाऊन दाखव. त्याने फोनवर बासची ओळ म्हटली, मी इकडे पेटी घेऊन तयारच होतो. पार काळी एकला लागला.

काळी_दोन
मामांच्या कॉपीची तिसरी मूळ पट्टी =))

पार्ल्याचा_ट्रेन
मामांना कधी आणताय? पार्ल्यात माझ्याकडे बसू, दोन टर्नटेबल आहेत, एकावर चढी एकावर उतरलेली लावू. चोरबाजारी, तुम्ही तिसरी कॉपी आणा, घरी सांगणार नाही.